आवक क्रमांक नसलेलं काम

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

नगरपरिषदेची मुख्याधिकारी म्हणून रुजू झाल्यापासून फोनवर तुझं एकच वाक्य असतं, "विचार करायला वेळच मिळत नाही गं." तो कधीच मिळत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून त्याचं उत्तर निघतं. टपालाला आवक क्रमांक पडतो, म्हणून त्याची विचारणा होते. विचाराची नोंद कुठल्याच बारनिशीत, म्हणजे टपालाच्या नोंदवहीत, नसते आणि तो राहिला म्हणून कोणी स्मरणपत्रही पाठवत नाही. तेव्हा त्याचा दिवस आणि वेळ तूच लिहून ठेव.

आठवड्यातून दोनदा, 50 मिनिटं पुरेत. सोमवार नको, लोकांच्या तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन आणि आठवड्याचं साचलेलं टपाल त्याच दिवशी असतं. बुधवार आणि शुक्रवार घे, सकाळी 8.15 ते 9.05. कार्यालय 9.45 ला भरतं, म्हणजे मधे आवरायला वेळ राहतो. सफाईची फेरी त्या दोन दिवशी ठेवू नकोस. संध्याकाळी 6.15 नंतर बसण्याच्या मोहात तर पडूच नकोस. तेव्हा डोकं शिणलेलं असतं, आणि केबिनचा दिवा दिसला की "मॅडम आहेत" म्हणून माणसं वर येतात.

म्हणूनच केबिन नको. नगरपरिषदेच्या वाचनालयातली मागची खोली चालेल. सोबत वही आणि पेन, बस्स. नस्ती, म्हणजे फाईल, एकही नको. समोर नस्ती असली की हात आपोआप सहीकडे जातो, आणि सह्या केल्या की काम झाल्यासारखं वाटतं.

फोन शिपायाकडे दे. कोणाचे फोन आत आणायचे हे मात्र आदल्या दिवशीच ठरव: जिल्हाधिकारी कार्यालय, अग्निशमन आणि पाणीपुरवठा अभियंता. चौथं नाव नको. गांधीजी सोमवारी मौन पाळत, त्यातही दोन अपवाद त्यांनी आधीच ठरवलेले होते: तातडीच्या कामासाठी मोठ्या अधिकाऱ्याशी बोलणं आणि आजाऱ्याची शुश्रूषा. 2 जून 1947 ला सोमवार होता. व्हाइसरॉय माउंटबॅटन फाळणीची योजना घेऊन बसले होते. पहिला अपवाद वापरता आला असता, तरी गांधीजींनी जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहूनच उत्तरं दिली. अपवाद आधी ठरलेले असले की ऐनवेळी घासाघीस करावी लागत नाही.

आता बसल्यावर करायचं काय. पहिली 10 मिनिटं डोक्यातलं सगळं कागदावर ओत: ठेकेदाराचं बिल, नगरसेवकाचा राग, पोराची फी. ते पान उलटून टाक. मग एकच प्रश्न, 25 मिनिटं. बहुतेकांचं इथेच बिनसतं, कारण प्रश्न फार मोठा घेतात. "शहर स्वच्छ कसं होईल" यावर नुसत्या घोषणा सुचतात. "त्या तीन प्रभागांत घंटागाडी 11 नंतर का पोहोचते" यावर विचार करता येतो. पहिलं उत्तर येईल, "गाड्या कमी आहेत." ते तुझं नव्हे, बैठकीत ऐकलेलं. ते खोड आणि खाली लिही: एकही नवी गाडी मिळणार नाही, मग काय? आता फेऱ्यांचा क्रम, डेपोपर्यंतचं अंतर, चालक किती वाजता येतो, मुकादम हजेरी कुठे घेतो, हे दिसायला लागेल. शेवटची 15 मिनिटं लिहिण्याची. सुचलेल्यातलं कुठलं खरं ते कोणाला विचारायचं, कधीपर्यंत, आणि कशामुळे आपलं म्हणणं चुकीचं ठरेल. हे शेवटचं टाळू नकोस. तेवढं लिहिलं नाही तर स्वच्छता निरीक्षकाला तू प्रश्न विचारणार नाहीस, थेट आदेशच देशील.

पहिले दोन आठवडे काहीच सुचणार नाही. मन टपालाकडे धावेल, रिकामं बसल्याचा अपराध वाटेल. तरी 50 मिनिटं पुरी कर. विचाराची एखादी बैठक बुडाली तर त्याच आठवड्यात दुसरी घाल. लागोपाठ दोन बुडाल्या तर वेळ चुकली आहे, ती बदल. पावसाळ्यात नाले तुंबले की हे सगळं कोलमडेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पाणी ओसरल्यावर पुन्हा बुधवारपासून धर.

आणि स्वीय सहायकाला खरं कारण सांग. "मॅडम बैठकीत आहेत" असं खोटं त्याच्याकडून बोलवून घेऊ नकोस. छोट्या गावात वाचनालयाची खिडकी सगळ्यांना दिसते.

डबा वेळेवर खात जा.

तुझे
आई-बाबा