सकाळची गाडी

कराड,
मंगळवार, रात्रीचे ११

चि. अनुजास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी ठेवला. रेंज गेली नव्हती. आईला तसं सांगितलंय, पण तुला खरं ते सांगतो. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतेस, म्हणून लिहायला बसलो. चिन्मय सकाळी पानांचे फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर आईला विचार, तिला सवय आहे.

आधीच सांगून ठेवतो, तिकडे टांझानियात म्बेयाहून रात्रीच्या बसनं परतायचं म्हणतेस, त्या रात्रीच्या गाडीबद्दल या पत्रात काही लिहिणार नाही. तू २८ वर्षांची आहेस, पैसे तुझे आहेत, नोकरी सोडलीस तीही तुझी. लग्नाचा विषय काढणार नाही असं विमानतळावर म्हटलं होतं, तोही काढत नाही. आक्का काढते, त्याला माझा इलाज नाही.

किटोंगा घाटातला तुझा निरोप मी चार-पाच वेळा ऐकला. "बाबा, चढताना ब्रेकच्या लायनरचा वास आला, म्हणजे समोरचा ट्रक नुसता ब्रेकवर उतरतोय ना?" बरोबर. शंभर टक्के बरोबर. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक नुसता टेकवायचा. हे तुला मी कधी शिकवलं नव्हतं, तू कुंभार्ली घाटात माझ्या बसच्या बॉनेटवर बसून शिकलीस. डेपोतल्या दोघांना मी तो निरोप ऐकवला. ते म्हणाले, पोरीला नाकानं लायसन्स द्या. आईला नाही ऐकवला. तिला लायनर कळत नाही, पण "घाट" कळतो.

चिन्मयने मला फोनवर नकाशा लावून दिलाय. तू गेलीस तो सगळा रस्ता बोटानं चाललो. दारेसलाम, मोरोगोरो, मिकुमी, इरिंगा, मग म्बेया. साधारण ८३० किलोमीटर. हा झांबियाला जाणारा हमरस्ता, तांब्याचे लोड घेऊन ट्रेलर याच रस्त्यानं बंदरावर येतात, असं तू सांगितलंस तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढे रस्ता उभा राहिला. ट्रेलर चालतात तो रस्ता कसा दबतो ते मला कुणी सांगायला नको. डाव्या बाजूला दोन नाली पडतात, आणि बसचं चाक त्यात शिरलं की स्टिअरिंग ओढतं. दिवसा दिसतात म्हणून माणूस चाक वर ठेवतो.

अण्णाकाकांना बजाजीचा फोटो दाखवला. तिकडे रिक्षेला बजाजीच म्हणतात हे त्यांना खरंच वाटेना. ३० वर्षं आकुर्डीच्या कारखान्यात काढली माणसानं. बराच वेळ फोटो मोठा करून बघत होते, मग म्हणाले, आपली पोरगी पोचायच्या आधी आपलं मशीन पोचलं होतं म्हणायचं. तो फोटो आता त्यांच्या फोनच्या पडद्यावर आहे. आणि तिकडच्या स्वाहिलीत दुकानाला दुका, विम्याला बिमा, गाडीला गारी, हे मी वहीत लिहून ठेवलंय. बहिणीला दादा आणि भावाला काका, हे मात्र आक्काला सांगू नकोस, ती नातीगोती मांडत बसेल. मी ड्रायव्हर, तिकडे असतो तर देरेवा झालो असतो. माझा कंडक्टर कोंदा. बरं वाटलं. नावं जवळची आहेत.

मोरोगोरोला तुझी गाडी चुकली ती गोष्ट मी सगळ्यांना सांगतो, राग मानू नकोस. तिकिटावर १२ बघून तू आरामात साडेअकराला गेलीस, आणि गाडी पहाटे सहालाच सुटलेली! त्यांचा दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो, सातला एक वाजतो. विषुववृत्त जवळ, बारा महिने सूर्य सहा-साडेसहाच्या आसपास उगवणार, मग त्यांचं तरी काय चुकलं? आपल्या पंचांगातही वार सूर्योदयालाच बदलतो. आजी असती तर तिला एका फटक्यात समजलं असतं. तू इंजिनिअर, तुला नाही समजलं. चिडवतोय. पण पुढचं तिकीट काढशील तेव्हा खिडकीवरच्या माणसाला "उजेडातले की अंधारातले" असं विचारून घे.

कारण अंधारात...

हे बघ, आलो तिथेच. बरं, एकदाच लिहितो, म्हणजे पोटात राहणार नाही.

तू म्हणालीस तिकडे आता रात्रीच्या गाड्या कायद्यानं सुरू झाल्यात. खरं आहे, चिन्मयने वाचून दाखवलं. अपघात फार व्हायला लागले म्हणून त्यांनी लांब पल्ल्याच्या बस रात्री बंद केल्या होत्या, जवळजवळ ३० वर्षं. २०२३ साली बंदी उठवली. मला सांग, ३० वर्षं एखादं सरकार रस्ता रात्री उगाच बंद ठेवतं का? बंदी उठली म्हणून ट्रेलरला मागचे दिवे लागले का? मिकुमीला सुमारे ५० किलोमीटर रस्ता थेट राष्ट्रीय उद्यानातून जातो. तूच बसच्या खिडकीतून जिराफाचे फोटो पाठवलेस. दिवसा ड्रायव्हरला जिराफ दिसला म्हणून त्यानं गाडी हळू केली आणि तुला फोटो मिळाला. रात्री तो जिराफ कुठे असतो? तिथेच असतो. हत्ती काळा, डांबर काळं.

आणि बंद पडलेल्या गाडीमागे झाडाच्या फांद्या टाकतात असं तू कौतुकानं लिहिलंस, अगदी आपल्यासारखंच म्हणून. आपल्यासारखंच आहे, म्हणूनच सांगतो. फांदी दिवसा दिसते. रात्री ८० च्या वेगानं चाललेल्या गाडीच्या उजेडात पाचोळा आला की ड्रायव्हरच्या आधी चाक त्यावर जातं.

झालं. हे भाषण झालं, मला कळतंय. तू डोळे फिरवत असशील. चुकलं. आता रस्त्याचं नाव घेत नाही.

जेवणाचं लिही. उगाली म्हणजे आपल्या उकडीसारखं, ते कळलं, पण बरोबर काय असतं रोज? बटाट्याचं ऑम्लेट, ते चिप्सी मयाई, आठवड्यातून तीनदा खाणं बरं नाही. तुझ्या आईनं दिलेलं मेतकूट संपलं का? मलेरियाची गोळी रोज घेतेस ना? रोज म्हणजे रोज, आठवेल तेव्हा नाही. पासपोर्ट सॅकेत ठेवू नकोस, अंगावर ठेव. सॅक टपावर किंवा डिकीत जाणार, ती तुझ्या नजरेआड असणार. म्बेयाच्या पुढे तुकुयूला चहाचे मळे आहेत म्हणालीस, थंडी आहे म्हणालीस. मफलर नेला नाहीस. कपाटात आहे, मी बघितला.

तिथं कंडक्टरनं गाडी थांबवून "औषध खणायला चला" म्हटलं आणि सगळी बस झाडीत पांगली, हे वाचून आई पदर तोंडाला लावून हसली. नंतर म्हणाली, बायकांना आडोसा होता का ते विचारा. विचारतो. होता का?

तू सहा-सात वर्षांची असशील. मे महिन्याच्या सुट्टीत हट्टानं माझ्याबरोबर चिपळूणला यायचीस. बॉनेट तापायचं म्हणून पोत्याची घडी घालून त्यावर बसवायचो, तोंडात आवळासुपारी. पाटण गेलं, कोयनानगर गेलं, हेळवाकपासून तू ताठ. घाटमाथ्यावर धुकं असलं की काच पुसायचं फडकं तुझ्याकडे. एकदा धुक्यात बोनेटच्या पुढचंसुद्धा दिसत नव्हतं, आणि तू विचारलंस, "बाबा, तुम्हाला वळण कसं दिसतं?" मी म्हटलं, दिसत नाही, आठवतं. तुला ते इतकं आवडलं की शाळेत निबंधात लिहिलंस. बाईंनी लाल शाईनं "छान" लिहिलं होतं. वही अजून आहे, आईच्या साड्यांखाली.

त्या वाक्याचा मला फार वर्षं गर्व होता. पण त्यात निम्मंच खरं आहे. वळण आठवतं. वळणावर आत्ता कोण बंद पडून उभा आहे ते नाही आठवत.

रविवारी तू म्हणालीस, "बाबा, तुम्हीच तर आयुष्यभर रातराणी चालवलीत. तुमच्या गाडीतली माणसं झोपून जायचीच ना?" त्यावर मी फोन ठेवला. मला राग आला नव्हता.

तू तेव्हा पाळण्यात होतीस. गावच्या यात्रेला दोन दिवस सुट्टी पाहिजे होती, म्हणून मी एकाची ड्युटी अंगावर घेतली. दिवसभर एक फेरी केलेली, रात्री पुन्हा मुंबईच्या गाडीवर चढलो. कुणी सांगितलं नव्हतं, मीच मागून घेतली. पहाटे साडेतीनचा सुमार. रस्ता सरळ, दोन्ही बाजूला चिंचा. मला एवढंच आठवतं की एक चिंच लांब होती, आणि मग ती एकदम काचेत होती. मधलं काही नाही. माझे डोळे उघडे होते, मी शपथेवर सांगतो उघडे होते. मसूरचे तात्या माझे कंडक्टर, ते मागून हिशेब करून उठून पुढे आले होते, त्यांनी "ए!" म्हणून माझा खांदा धरला. डावी चाकं खडीवर गेली होती. खडीचा आवाज अजून कानात आहे, पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा. गाडी वर घेतली. उभी केली. तात्यांनी मला खाली उतरवून तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, बिडी ओढ.

आत ४१ माणसं होती. एकानं डोळे उघडून "खोपोली आली का?" विचारलं आणि परत झोपला. दुसरं कुणी जागंही झालं नाही. दादरला उतरताना एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, गाडी छान चालवता हो, पाण्याचा थेंब हलला नाही.

हे घरात कुणाला माहीत नाही. आईलाही नाही. तात्या गेले तेव्हा मी तेराव्याला गेलो, तुम्ही सगळे म्हणालात एवढं काय नातं होतं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत रात्रीच्या ड्युटीवर चढताना मी कंडक्टरला सांगायचो, गप्पा मार, पैसे नंतर मोज. म्हणून लोक झोपायचे.

तुझ्या तिकडच्या देरेवाचं मला काही माहीत नाही. माझ्यापेक्षा चांगला असेल. पण तो आदल्या दिवशी कुठून आला, त्याच्या गावात यात्रा आहे का, त्याचा कोंदा जागा आहे का, हे तुला तिकीट घेताना कळणार नाही. मला तरी माझ्याबद्दल कुठे कळलं होतं?

म्हणून एवढंच कर. म्बेयाहून सकाळी सहाची गाडी घे, उजेडातली. इरिंगाला उतर, एक रात्र राहा, तुला ते गाव आवडलं होतंच. दुसऱ्या दिवशी परत सकाळची गाडी. किटोंगा उतरताना उजेड असेल, खाली गोरखचिंचांचा तो पट्टा नीट बघायला मिळेल, जाताना तू झोपली होतीस ना तिथे? लॉजचे पैसे वाचवायचे म्हणत होतीस, ते मी चिन्मयकडून पाठवतो, किती ते कळव. संध्याकाळी मोरोगोरोला पोचलीस आणि अंधार पडायला लागला, तर तिथून दारेसलामला आता विजेची रेल्वे आहे, रुळावरून येते, तिला कुणी ओव्हरटेक करत नाही. बस मिळालीच तर ड्रायव्हरच्या मागची चार-पाच बाकं सोडून मधे बस. खिडकी नको.

आणि तरीही रात्रीचीच घेतलीस, तर मला न सांगता घेऊ नकोस. ओरडणार नाही. नंबर पाठव गाडीचा, मी जागा राहीन, मला तसंही पहाटे साडेतीनला जाग येते.

आईनं आत्ता येऊन विचारलं, एवढं काय लिहिताय? म्हटलं रस्त्याबद्दल. ती म्हणते, आडोशाचं विचारलंत का?

तुझे सहा म्हणजे इथले साडेआठ. तेव्हा मी दूध घेऊन घरी आलेला असतो. गाडीत बसलीस की एक मिस्ड कॉल दे, उचलणार नाही.

तुझा,
बाबा

ता.क. चिन्मय हे पान वाचणार नाही असं म्हणालाय. तिसऱ्या पानाचा फोटो मी स्वतः काढणार आहे, हललेला आला तर सांभाळून घे.