विषय : सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरील कालबाह्य रिव्हर्स डीएनएस नोंदी काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
महापे, नवी मुंबई.

महोदय,

नौपाडा, ठाणे येथे आमचे करसल्लागार कार्यालय असून संकेतस्थळ आणि ईमेल या दोन्हींसाठी आम्ही आपला सर्व्हर भाड्याने घेतला आहे. त्याच्या आयपी पत्त्यावरून नाव शोधले असता (यालाच रिव्हर्स डीएनएस म्हणतात) एकाऐवजी तीन नावे मिळतात : एक आमचे, दुसरे आपल्याच जुन्या नामकरणातले आणि तिसरे पूर्वीच्या कोणा ग्राहकाचे, ज्याचे डोमेन आता अस्तित्वातही नाही.

ईमेल स्वीकारणारा सर्व्हर आधी आयपीवरून नाव काढतो आणि मग त्या नावावरून तोच आयपी मिळतो की नाही, हे ताडून पाहतो. एका पत्त्यावर अनेक पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे आयपीवरून नाव सांगणाऱ्या नोंदी, असले, तर ते कोणत्या क्रमाने मिळतील याची शाश्वती नसते, आणि काही सर्व्हर पहिल्याच नावावर निकाल देतात. त्यामुळे एकाच अशिलाला सकाळी पाठवलेली ईमेल पोहोचते आणि दुपारची परत येते. जीमेलनेही फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्यांसाठी या नोंदी योग्य असण्याची अट घातली आहे. जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्राची मुदत सर्वसाधारणपणे २० तारखेला संपते; त्या आठवड्यात कराच्या रकमेची सूचना अशिलाला मिळाली नाही, तर विलंब शुल्क आणि व्याज त्याला भरावे लागते आणि बोल आम्हाला लागतो.

आपल्या तंत्रसाहाय्य विभागाने ‘तुमच्या डीएनएस पॅनेलमधून बदल करा’ असे कळवून आमचे तिकीट बंद केले. आमच्या पॅनेलमध्ये केवळ आमच्या डोमेनच्या नोंदी आहेत. उलट शोधाचा, म्हणजे इन-अ‍ॅडर डॉट आर्पाखालचा झोन (नोंदींचा संच) आयपी पत्ते ज्यांच्याकडे असतात त्यांच्या ताब्यात असतो, आणि तो आपण आमच्याकडे सोपवलेला नाही. सोसायटीच्या नामफलकावरचे जुन्या भाडेकरूचे नाव नव्या भाडेकरूने स्वतःच्या दारावर पाटी लावल्याने पुसले जात नाही. ‘चोवीस तास थांबा’ हे दुसरे उत्तर तर अधिकच अनाकलनीय आहे, कारण आपल्या अधिकृत नेमसर्व्हरला, म्हणजे या नोंदी मुळात जिथे आहेत त्या सर्व्हरला, थेट विचारले तरी तीच तीन नावे येतात, आणि तिथे कॅशेचा, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या जुन्या उत्तराचा, प्रश्नच उद्भवत नाही.

तरी जुनी दोन्ही नावे काढून आमचे एकच नाव ठेवावे. घाईत तिन्ही पुसू नयेत, ही विशेष विनंती. नोंद मुळीच नसणे ईमेलसाठी आणखी वाईट. बदलानंतर झोनचा अनुक्रमांक वाढवावा, अन्यथा दुय्यम नेमसर्व्हर जुनीच प्रत देत राहील. आमच्या दुसऱ्या आयपीवरही जुन्या ग्राहकाचे नाव आहे. तो केवळ संकेतस्थळापुरता असल्याने त्याची घाई नाही, मात्र पत्ता नव्या ग्राहकाला देण्यापूर्वी या नोंदी तपासल्या जात नाहीत, असाच त्याचा अर्थ होतो.

हे काम येत्या २० तारखेपूर्वी पूर्ण करून आपल्या सर्व नेमसर्व्हरांवरून मिळणारे उत्तर आम्हाला लेखी कळवावे. तोपर्यंत तिकीट बंद करू नये.

आपला विश्वासू,
संचालक, करसल्लागार कार्यालय,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)