कप्तानास पत्र

घरून, आषाढातला रविवार

प्रिय कप्तान,

परवा फोनवर "बघू, बोलतो तिच्याशी" म्हणालो आणि रेंज गेली. खरं सांगू? रेंज गेली नव्हती, मीच फोन ठेवला. आंब्याच्या गडबडीचं कारणही आता चालायचं नाही, शेवटच्या पेट्या वाशीला जाऊन महिना होत आला. बाहेर पाऊस नुसता ओततोय, सकाळपासून लाईट नाही आणि उजवा गुडघा त्याच्या सवयीप्रमाणे कुरकुरतोय. तेव्हा लिहूनच टाकतो.

तू मागितलंस ते एवढंच. तुझ्या लेकीचं, बायचं, गुडघ्याचं ऑपरेशन मार्चअखेरीस झालं, बास्केटबॉलची निवड चाचणी ऑक्टोबरात आहे, फिजिओ जानेवारीच्या आधी कोर्टवर पाय ठेवू देत नाही आणि पोरगी रडते. मग तू म्हणालास, "तिला सांग ना, तूही त्याच गुडघ्यावर मॅच काढली होतीस. माझं नाही ऐकत, तुझं ऐकेल."

मी तिला ते सांगणार नाही. का, ते लांबणार आहे. चहा घेऊन बस.

चार दिवस पडवीत बसून कोय कलमं बांधतोय. तू पुण्याला जाऊन विसरला असशील. कोयीतून वर आलेलं तांबूस पानांचं कोवळं रोप घ्यायचं, शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची. हापूसची काडी खाली पाचरीसारखी तासायची, चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. पंधरा-वीस दिवसांत काडीला फूट येते. इथेच माणूस फसतो. ती फूट काडीतल्या साठ्यावरही येते, खाली जोड धरलेला असतोच असं नाही. गेल्या वर्षी हाताखालच्या पोराने हिरवी पालवी बघून हौसेने वीसेक पट्ट्या सोडल्या. काड्या हातात आल्या. एकेक उचलून बघितली तर पानं ताजी आणि खाली जोडाच्या जागी कोरडं लाकूड.

बायच्या गुडघ्यात डॉक्टरांनी हेच केलंय. शब्दही तोच, ग्राफ्ट म्हणजे कलम. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, लिगामेंट. तुटलं की ते आपलं आपण सांधत नाही, म्हणून तिच्याच मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून, दोन्ही हाडांना भोकं पाडून आत ओवली. बसवल्या दिवशी ती दोरी मजबूत असते. मग तिचा जुना रक्तपुरवठा तुटलेला असल्यामुळे ती हळूहळू कमजोर होते, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सगळ्यांत जास्त, आणि नवीन रक्तवाहिन्या शिरल्या की पुन्हा लिगामेंटसारखी व्हायला लागते. गंमत अशी की नेमकं याच सुमाराला सूज उतरते, दुखणं थांबतं, पोरं जिने धावत चढायला लागतात. तू म्हणालास ना, "ती तर घरभर पळते रे, काहीच दुखत नाही तिला"? ती काडीवरची पालवी आहे, कप्तान. नऊ महिन्यांच्या आधी परतलेल्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो, त्यात कोवळ्या वयाच्या खेळाडूंचा आणखीच. मुलींचं एसीएल तर मुळातच मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतं. फिजिओ काही तिच्या वाईटावर नाही.

आता तू मायकेल जॉर्डनला आणणार. आणलासच फोनवर, "जॉर्डनने ऐकलं होतं का डॉक्टरांचं?" तुझा देव तो, म्हणून त्याचंच घेऊ. 1985 साली एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, मोसमाच्या तिसऱ्याच सामन्यात त्याच्या डाव्या पायातलं एक हाड मोडलं. पायाच्या कमानीत होडीच्या आकाराचं एक छोटं हाड असतं, त्याच्या मधल्या भागाला रक्त कमी पोचतं, म्हणून ते जुळायला फार वेळ घेतं. जॉर्डनचे 64 सामने बुडाले. परत यायला तो उतावीळ होता, डॉक्टर आणि मालक नको म्हणत होते, हे तुझं बरोबर. पण ते शेवटी झुकले तेही मिनिटं मोजून. सुरुवातीला त्याला अर्ध्या डावात जेमतेम सात मिनिटं खेळू देत. आणि मग 20 एप्रिल 1986 ला बॉस्टनविरुद्ध त्याने 63 गुण मारले. तू ती गोष्ट इथपर्यंत सांगतोस आणि थांबतोस.

त्या दिवशी समोरच्या संघात बिल वॉल्टन होता. त्याचंही तेच हाड मोडलेलं. 1977 ला त्याने पोर्टलंडला विजेतेपद मिळवून दिलं. पुढच्या मोसमात संघ 60 पैकी 50 सामने जिंकून बसलेला असताना पाय गेला. 58 च सामने खेळूनही त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, इतका तो मोठा. प्लेऑफला, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीला, त्याला परत आणलं. पाय दुखत होता, तेव्हा वेदना मारणारं इंजेक्शन घेऊन तो उतरला, आणि नंतर कळलं की हाड मोडलंय. पुढचा अख्खा मोसम तो बसून राहिला, पोर्टलंड सोडून गेला, डॉक्टरांवर खटला घातला. नियमित मोसमांतले त्याचे एकूण सामने 468. एका मोसमात 82 सामने असतात, म्हणजे सहा मोसमही पुरते भरत नाहीत. 1986 चं ते वर्ष त्याला लाभलं, 80 सामने खेळला, बाकावरून येणाऱ्यांत सर्वोत्तम ठरला, विजेतेपदही मिळालं. पुढच्या वर्षी पुन्हा पाय. तू 63 लक्षात ठेवलेस, मी 468 ठेवले. दोघांचं हाड एकच, कप्तान. फरक थोडा नशिबाचा आणि थोडा त्या सुईचा.

माझा देव ग्रँट हिल, आठवतंय? खोलीत माझ्या खाटेवर त्याचं चित्र, तुझ्या खाटेवर जॉर्डनचं, आणि मेसचे काका दोघांना "तुमचे गणपती" म्हणायचे. 2000 साली हिल दुखऱ्या घोट्यावर प्लेऑफ खेळला आणि घोटा मोडला. मग ऑर्लँडोने सात वर्षांचा करार केला, आणि पहिल्या तीन मोसमांत तो किती खेळला माहितेय? 4, 14 आणि 29 सामने. 2003 ला घोटा पुन्हा तोडून सरळ बसवायचं ऑपरेशन झालं, त्यात जंतुसंसर्ग होऊन तो मरता मरता वाचला. पुढचा पूर्ण मोसम गेला. आणि मग, गंमत बघ, चाळीस वर्षांचा होईपर्यंत खेळला. पण तो उंच उडणारा, बाणासारखा रिंगकडे घुसणारा हिल मला पुन्हा कधी दिसला नाही. त्याच्या जागी एक शहाणा, जमिनीवरचा खेळाडू आला. मला तोही आवडायचा. माझा स्वतःचा गुडघा गेला होता, म्हणून असेल.

आता माझ्या गुडघ्याचं. इतक्या वर्षांत हे मी तुला सांगितलेलं नाही.

डिसेंबर 1996, चिपळूण, झोनलची फायनल. तू चार नंबर, मी सात. तुझा लांब पास आला, मी लेअपला, म्हणजे रिंगजवळून उडी मारून बॉल टाकायला, उठलो, बॉल आत गेला. खाली येताना उजवा पाय सिमेंटवर टेकला आणि गुडघा आत वळला. धक्का कोणाचाही नव्हता. सुकी झावळी मोडावी तसा आवाज झाला. तुलाही ऐकू आला असावा, कारण तू सगळ्यांत आधी धावत आलास. कुणीतरी स्प्रे मारला, गार वाटलं. तू वाकलास आणि म्हणालास, "चारच मिनिटं रे. तू फक्त उभा राहा, बॉल मी आणतो."

मी उभा राहिलो. बचावात वळताना गुडघा दोनदा आतल्या आत सटकला, जशी पाखाडीची ओली पायरी पायाखालून सटकते तसा. आपण तीन गुणांनी जिंकलो. रात्रीच्या एसटीत तुम्ही गाणी म्हणत होतात आणि मी मागच्या सीटवर पाय लांब करून बसलो होतो. हातखंब्यापर्यंत गुडघ्याचं शहाळं झालं होतं. मग हाडवैद्य, तेल, तीन आठवडे पट्टी. जमलं की पुन्हा खेळायचं, सुजलं की बसायचं, अशी दोन वर्षं.

2003 ला मुंबईत एमआरआय काढला. डॉक्टरांनी फिल्म काचेवर लावली आणि पेनाने दाखवत सांगितलं, लिगामेंट पडलात तेव्हाच गेलं असणार, ते सोडा. ही हाडांमधली गादी बघा, फाटून आत दुमडलीय. तुटलेल्या लिगामेंटवर खेळत राहिलात का? मी म्हणालो, "आठवत नाही."

गादी त्या चार मिनिटांत गेली की नंतरच्या दोन वर्षांत, हे सांगता येणार नाही. तुझ्या माथी मारायचं म्हणून लिहीत नाही. पूर्वी मारलं होतं, मनातल्या मनात. स्पोर्ट्स कोट्याच्या ट्रायलला आपण दोघं जाणार होतो, तू एकटा गेलास आणि तुला नोकरी लागली. तेव्हा वर्षभर तुझ्या पत्रांना मी दोन ओळींची उत्तरं टाकायचो, तुझ्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. पण तू तेव्हा वीस वर्षांचा होतास. आपल्या कुणालाच काही कळत नव्हतं आणि सांगणारंही कुणी नव्हतं. आता तुला कळतं, सांगणाराही घरी येऊन पैसे घेऊन सांगतोय, आणि तू पुन्हा "चारच मिनिटं" म्हणतोयस. फोन मी त्यासाठी ठेवला.

2025 ची एनबीए फायनल आठव. सातव्या सामन्यात हॅलिबर्टन पोटरी आधीच दुखावलेली असताना उतरला, पहिल्याच क्वार्टरमध्ये तीन गुणांचे तीन शॉट मारले, आणि मग जमिनीवर हात आपटत पडला. टाचेमागची दोरी, अकिलीस, तुटली. पुढचा सगळा मोसम गेला. तो म्हणाला, पुन्हा वेळ आली तरी खेळेन. त्याच्यापुढे फायनलचा सातवा सामना होता, त्याला मी काय बोलणार? बायपुढे सतरा वर्षांखालची चाचणी आहे. ती पुढच्या वर्षीही असते.

थांबलं की सगळं नीट होतं असं मात्र तिला खोटं सांगू नकोस. डेरिक रोज थांबला होता. 2011 ला 22 व्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू, त्याहून लहान कोणी ठरलेला नाही. 28 एप्रिल 2012 ला शिकागो 12 गुणांनी पुढे, दीड मिनिटही उरलेलं नाही, आणि याचं डावं एसीएल तुटलं. पुढचा अख्खा मोसम तो बसला. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरही बसला, लोकांनी नको नको ते ऐकवलं. परतला आणि दहाच सामन्यांत उजव्या गुडघ्याची गादी गेली. शरीर कोणाचं देणं लागत नाही. पण 2018 मधली 1 नोव्हेंबरची ती पहाट मी विसरणार नाही. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून बघत होतो. मिनेसोटाकडून 50 गुण, आणि संपल्यावर तो रडत होता. बायको चुलीजवळून म्हणाली, "हरला काय हो बिचारा?"

बायला डेरिक रोजपेक्षा शॉन लिव्हिंग्स्टनची गोष्ट सांग. 2007 ला एका साध्या लेअपवरून उतरताना त्याचा गुडघा निखळला, जवळजवळ सगळी लिगामेंटं तुटली, पाय कापावा लागेल की काय इथपर्यंत बोलणं आलं. दीडेक वर्ष गेलं, मग संघामागून संघ. उडी गेली तेव्हा त्याने मधल्या अंतरावरून, छोट्या माणसाच्या डोक्यावरून शांतपणे मारायचा शॉट घोटला. गोल्डन स्टेट संघाबरोबर तीन विजेतेपदं. ते व्हिडिओ मात्र दाखव, पडतानाचा नको. तो मी एकदाच पाहिला आणि जेवलो नाही.

कलम बागेत लावल्यावर पहिली तीन-चार वर्षं मोहोर खुडावा लागतो, माहितेय ना? नाहीतर झाड फळं धरण्यातच दमतं. बाबा खुडायला निघाले की आई घरात जायची, तिला बघवायचं नाही. तू आईसारखा घरात जा हवं तर. फिजिओला खुडू दे.

गणपतीला बायला इकडे पाठव, तूही ये. फिजिओला विचारून ये, पण तोवर उडी न मारता शॉट मारायला तो हरकत घेणार नाही असं वाटतं. खळ्याच्या खांबाला रिंग लावलीय, गवंड्याने सहा इंच खाली बसवलीय, तो बोलायला तयार नाही. तिथे बसून शंभर फ्री थ्रो मारू दे रोज, मोजायला मी आहे. पाखाडी उतरताना घाई नको, शेवाळ फार धरलंय यंदा. तुला जे मी लिहिलं ते तिच्यासमोर काढू नकोस. आपण दोघं संध्याकाळी जेटीवर जाऊ तेव्हा काय ते बोलू, किंवा नाही बोललो तरी चालेल.

बॉल आणू नकोस, इथे आहे. हवा भरायची सुई तेवढी आण. दोन आण, एक मी हरवतोच.

तुझा,
सात नंबर