नऊ वर्षांच्या पोराचा हत्ती

सांगली,
रविवार, रात्री

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

स्वारगेटला उतरल्याचा मेसेज मिळाला. स्टँडवर जाईपर्यंत तू एक शब्दही बोलली नाहीस, म्हणून लिहायला बसलो.

त्या नऊ वर्षांच्या पोराशी बुद्धिबळाच्या डावात बरोबरी झाली याचं मला दुःख नाही. तुझं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, १८६०, त्याचं १५६०. तीनशेचा फरक म्हणजे तुझ्याकडून डावाला ०.८५ गुणाची अपेक्षा. मिळाला अर्धा, म्हणजे ०.३५ कमी. एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा तुझा के-फॅक्टर ४०, म्हणून १४ रेटिंग गेलं. ते तू परत मिळवशील. ४१ व्या चालीला घाईने घोड्याला घोडा दिलास, ते तुझं तुलाही कळलंय.

पण त्यानंतर त्या पोराने काय केलं, ते तू पाहिलंस का गं? तुझा हत्ती आणि एक प्यादं विरुद्ध त्याचा नुसता हत्ती. त्याने राजा प्याद्याच्या वाटेत बसवला आणि हत्ती तुझ्या बाजूने सहाव्या ओळीवर धरून ठेवला, तुझा राजा पुढे येऊच नये म्हणून. तू बारा चाली वाट पाहिलीस, तो हलला नाही. तू प्यादं सहाव्या ओळीत ढकललंस मात्र, त्याचा हत्ती थेट खाली पहिल्या ओळीत गेला आणि मागून शह सुरू झाले. तुझ्या राजाला लपायला आता प्याद्याचा आडोसाच नव्हता. फिलिडोर या जुन्या फ्रेंच खेळाडूने १७७७ साली दाखवलेला हा बचाव. नऊ वर्षांच्या मुलाने घड्याळात दोन मिनिटं उरली असताना तो बिनचूक खेळला, आणि तीच स्थिती तिसऱ्यांदा येतेय म्हणून बरोबरी मागायला आर्बिटरला, म्हणजे पंचांना, स्वतः बोलावलं.

तू सही केलीस आणि निघून गेलीस. तो तिथेच थांबला होता, मनू. सोंगट्या पुन्हा मांडून. तू परत येशील असं त्याला वाटत होतं. शेवटी मी बसलो, तर मला म्हणाला, "काका, ताईने प्यादं ढकललं नसतं तर मी काय करणार होतो, सांगू?"

हे मला लागलं. इथे बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या या गावात मी बुद्धिबळ शिकलो ते बरंचसं डाव संपल्यावर, हरवणाऱ्याच्याच समोर बसून.

त्याच्या वडिलांचा नंबर घेतलाय. ते विश्रामबागेतच राहतात. दिवाळीत येशील तेव्हा त्याला घरी बोलावू, आईला सांगून ठेवलंय. तोवर एक फोन कर.

स्कोअरशीट, तुझ्या चालींची नोंद, सोबत ठेवली आहे. तुझी ५२ वी चाल वाचता येत नाही, तेवढी कळव. भडंगाचा डबा बॅगेच्या तळाशी आहे.

तुझा,
बाबा