आईला नवजात अतिदक्षता विभागाच्या (एनआयसीयूच्या) बाहेर का ठेवता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला कमी दिवसांच्या बाळांवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहिते आहे. व्हेंटिलेटर, सरफॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध), नवे इनक्युबेटर, डॉक्टरांच्या पथकाचा फोटो, सगळं सविस्तर दिलंय. त्या डॉक्टरांबद्दल आणि सिस्टरांबद्दल मला मनापासून आदर आहे. अशाच माणसांमुळे माझा मुलगा आज पाठीला दप्तर लावून शाळेत जातो. पण अख्ख्या लेखात आई येते ती शेवटच्या परिच्छेदात, बाळ तिच्या स्वाधीन केलं तेव्हा. तोवर ती कुठे होती, हे तुमच्या प्रतिनिधीला विचारावंसं वाटलं नाही का?

मी सांगते. ती बाहेरच्या बाकावर होती.

माझी प्रसूती एकोणतिसाव्या आठवड्यात झाली. बाळाला लगेच पेटीत, म्हणजे इनक्युबेटरमध्ये ठेवलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानंतर मला आत सोडायचे ते भेटीच्या वेळेत, बाकीच्या नातेवाइकांसारखंच, काही मिनिटांपुरतं. हात लावायचा नाही, इन्फेक्शन होईल. पंपाने दूध काढायचं, बाटलीवर नावाची पट्टी चिकटवायची आणि दार किलकिलं झालं की सिस्टरांच्या हातात द्यायची. सुरुवातीला बाटलीचा तळही झाकला जायचा नाही इतकंच निघायचं. एकदा तीही परत आली: ‘आत्ता नको, पावडरचं दिलंय.’ मी दाराबाहेरच उभी होते हो! कमी दिवसांच्या बाळाचं आतडं सुजून निकामी होण्याचा जो भयंकर आजार आहे, त्याचा धोका आईच्या दुधाने कमी होतो. हे डॉक्टरांना माहीत असतं. मला मात्र ते फार उशिरा कळलं.

मग एका रात्री ड्युटीवरच्या सिस्टरांनी मला आत घेतलं. खुर्ची मागे कलती केली, गाऊनच्या गाठी सोडायला सांगितल्या. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट आणि टोपी ठेवून त्याला माझ्या छातीवर उभं धरलं, मान एका बाजूला वळवली आणि दोघांना मिळून कापडाने बांधलं. ऑक्सिजनची नळी माझ्या खांद्याला चिकटपट्टीने लावली. पेटीत असताना त्याचा श्वास मधूनमधून थांबायचा आणि मॉनिटर ओरडायला लागायचा. त्या रात्री तो जवळजवळ गप्प होता. सकाळी पाळी बदलली आणि नव्या सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘हिला आत कुणी सोडलं?’ माझा मुलगा आता मोठा झाला, तरी ते वाक्य मला विसरता येत नाही.

बाळाला असं आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं, यालाच कांगारू मदर केअर म्हणतात आणि ती काही कालपरवाची गोष्ट नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरत नव्हत्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. पूर्वी बाळाची प्रकृती स्थिर झाल्यावरच त्याला आईकडे द्यायचे. तेवढं थांबायचीही गरज नसते, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या अभ्यासाने दाखवलं. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांत १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मानंतर लवकरात लवकर छातीशी ठेवलं, आईची खाटच अतिदक्षता विभागात आणली. पहिल्या २८ दिवसांत त्या गटातली १२ टक्के बाळं दगावली, तर नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. आणि ज्या इन्फेक्शनच्या नावाखाली आम्हाला बाहेर बसवतात, त्याची शंका आलेली बाळंही आईजवळच्या गटातच कमी होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिवसातले ८ ते २४ तास, जितका जास्त वेळ जमेल तितका वेळ, बाळ छातीशी ठेवायला सांगितलं. वडीलही हे करू शकतात. माझ्या नवऱ्याला तर पेटीजवळ खुर्चीसुद्धा मिळाली नाही.

जागा नाही, माणसं कमी आहेत, हे मला मान्य आहे. पण मग नळीने दूध कसं द्यायचं, ताप कसा मोजायचा, लंगोट कसा बदलायचा हे आईला शिकवा ना! ती रिकामीच बसलेली असते आणि तिला ते हवंच असतं. आम्हाला हे सगळं घरी जायच्या दिवशी घाईघाईत दाखवलं. पहिल्या रात्री मॉनिटर नाही, सिस्टर नाहीत. बाळाचं पोट वरखाली होतंय का, हे बघत आम्ही दोघं आळीपाळीने जागलो. ज्या आईने रुग्णालयात बाळाला हाताळलेलंच नाही, ती घरी आल्यावर आणखी काय करणार?

माझी विनंती इतकीच आहे. पुन्हा असा लेख कराल तेव्हा रुग्णालयाला विचारा, की आईला रात्री बाळाजवळ थांबता येतं का आणि तिच्यासाठी आत खाट आहे का. जे उत्तर मिळेल ते व्हेंटिलेटरच्या माहितीइतक्याच ठळकपणे छापा.

आपली,
एक वाचक

ता. क. लेखासोबतच्या, घरी घ्यायच्या काळजीच्या चौकटीत डोळ्यांच्या तपासणीचा उल्लेख नाही, हे मला फार गंभीर वाटतं. या बाळांच्या डोळ्यांतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पुरत्या वाढलेल्या नसतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटून दृष्टी जाऊ शकते आणि बाहेरून डोळा अगदी व्यवस्थित दिसत राहतो. पहिली तपासणी जन्मानंतर साधारण चौथ्या आठवड्याच्या सुमारास करायची असते. वेळेत सापडलं तर लेझरने उपचार होतो. आमच्या डिस्चार्ज कार्डावर ही सूचना पार तळाशी, न लागणाऱ्या अक्षरात लिहिली होती. कृपया उद्याच्या अंकात चौकट पुन्हा छापा. त्यात हेही घाला की लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या, पण बसण्या-चालण्याचं वय पहिली दोन वर्षं प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं.