मशीन चालवतो, कागदावर मात्र हेल्पर

मा. संपादक, स.न.

नाशकात रोजगार वाढला अशा बातम्या येतात, वाचून बरं वाटतं, पण सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या गेटातून सकाळी आत जाणाऱ्या पोरांपैकी कंपनीचे किती आणि ठेकेदाराचे किती हे पण कोणीतरी छापा की. माझा पुतण्या काही वर्षं व्हीएमसी मशीन (कॉम्प्युटरवर चालणारं, धातू कापायचं) चालवतोय, प्रोग्रॅम लोड करतो, टूल बदलतो, जॉब म्हणजे बनवलेला पार्ट रिजेक्ट झाला तर बोलणी पण तोच खातो आणि पेमेंट स्लिपवर पद काय तर हेल्पर! दुसरीकडे इंटरव्ह्यूला गेला तर अनुभवाचं लेटर मागतात, ठेकेदार म्हणतो तू तर हेल्परच होतास. २४० दिवस भरले की सलग नोकरी धरली जाते, म्हणून त्याच्या आतच ब्रेक, मग नवा ठेकेदार, आणि जुना फंड अडकलेला, का तर आधार कार्डावरचं नाव जुळत नाही.

उलट पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या छाटणीला टोळ्या येतात त्यांना ना स्लिप, ना फंड, ना ईएसआय म्हणजे कामगार विमा, पाय मोडला तर खर्च ज्याचा त्याने करायचा. पण ज्याचा हात बसलाय त्याला दिंडोरीचा बागायतदार ऑक्टोबर छाटणीच्या आधीच फोन करून ठेवतो, काडी किती डोळ्यांवर (कोंब फुटतात ते) कापायची ते त्याला विचारतो. तिथे मान आहे पण आधार नाही, इथे आधार थोडाफार आहे तर मान नाही, दोन्ही एकाच माणसाला मिळालं तर कोणाचं काय जाणारे?

आणि जमत नाही असं कोणी सांगू नये. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांची संघटना बांधली, १९६९ ला माथाडी कायदा झाला, आता मालक रोज बदलला तरी नोंदणी असलेल्या हमालाचं खातं माथाडी बोर्डात एकच, मालकाने मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरची ठराविक टक्केवारी) तिथे भरायची, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस. (लेव्हीवरून २०२४ ला आपल्या जिल्ह्यात कांद्याचे लिलाव बंद पडले होते, म्हणजे तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही.) मग ठेकेदार बदलला की कंपनीतल्या पोराचीच सगळी सर्व्हिस शून्यावर का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड म्हणजे केंद्राचे कामगार कायदे लागू झालेत, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचंय. पत्र देतीलही हो, पण त्यात परत हेल्परच लिहिलं तर काय उपयोग? कामगार खात्याच्या साहेबांनी नाइट शिफ्टला मशीनपाशी जाऊन विचारावं, काय काम करतोस आणि स्लिपवर काय लिहिलंय. ऑफिसात बसून रजिस्टर तपासू नका, ती एकदम चकाचक असतात.

– एक वाचक, सिडको, नाशिक