खालचा गुंता, वरचा दोष

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिवणकामाच्या सदरांतून आणि तोंडोतोंडी एक सल्ला सर्रास दिला जातो: कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याची फिरकी (बॉबिन) जिच्यात बसते त्या डबीचा, स्क्रू आवळा. सल्ला नेमका उलटा आहे, आणि त्यापायी धडधाकट मशीन दुरुस्तीला जाते.

वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या जाडीत मधोमध एकमेकांत अडकतात. दोघांची ओढ जुळली की तो अडकाव आत दडून राहतो. वरच्या दोऱ्याला ओढच नसेल, तर शटल (सुईखाली फिरून वरचा दोरा बॉबिनभोवती नेणारा भाग) तो हवा तेवढा खाली खेचते, तो परत वर घट्ट ओढला जात नाही आणि कापडाखाली वेटोळी साचत जातात. म्हणजे पसारा खाली दिसतो, पण दोरा वरचा असतो. खात्री करायची तर वर लाल आणि बॉबिनला पांढरा दोरा घालून दुहेरी चिंधीवर वीतभर टीप मारा. खालून लाल वेटोळी दिसली तर वरचे टेन्शन, म्हणजे दोऱ्याची ओढ, बघा. वरून पांढरे ठिपके दिसले तर वरची ओढ जास्त आहे किंवा बॉबिनची कमी.

वरची ओढ नाहीशी होण्याचे सगळ्यात साधे कारण म्हणजे फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली टाकून दोरा ओवणे. फूट खाली असले की वरच्या दोऱ्याला ओढ देणाऱ्या टेन्शनच्या दोन चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये न शिरता वरवर राहतो. फूट वर करा, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा आणि मग सुईजवळून ओढून बघा. फूट वर असताना तो सैल यायला हवा, खाली टाकल्यावर अडायला हवा. दोन्ही वेळा सारखाच येत असेल तर तो चकत्यांत गेलेला नाही किंवा चकत्यांमध्ये कचरा अडकला आहे. स्क्रूला हात लावण्याआधी एवढे केले तरी निम्म्या तक्रारी मिटाव्यात.

शिवायला सुरुवात करताना होणारा गुंता वेगळा. तिथे दोऱ्यांची टोके मोकळी राहिलेली असतात. दोन्ही टोके चांगली चार बोटे लांब ठेवून फुटाच्या मागे धरा, दोरा खेचणारा दांडा सगळ्यात वर आणा आणि पहिले दोन-तीन टाके होईपर्यंत टोके सोडू नका.

आता सुईविषयी, कारण टाके सुटण्याचे खापर मशीनवर फुटते आणि चोर सुई निघते. सुईवर ९०/१४ असे आकडे असतात. त्यातला ९० म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी ०.९० मिलीमीटर; १४ हा त्याच जाडीचा दुसऱ्या पद्धतीचा क्रमांक. तलम कापडाला ७५/११, मध्यम सुती कापडाला ८० किंवा ९०, जाड कापडाला १००/१६. ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडाला गोल टोकाची सुई लागते. साधी टोकदार सुई विणीतला धागाच भोसकते; मग टाके सुटतात, कधी भोक पडून वीण उसवते.

घरगुती मशीनच्या सुईचा माथा एका बाजूने चपटा असतो आणि त्याच्या समोरच्या अंगाला दांड्यावर लांब खाच असते. दोरा या खाचेच्या बाजूने ओवायचा. सुई उलटी बसली तर टाका पडत नाही. ती पूर्ण वर सरकवून मगच स्क्रू आवळावा. सुई अगदी खाली जाऊन साधारण दोन-अडीच मिलीमीटर वर येते, तेव्हा तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फास फुगतो आणि शटलचे टोक त्यात शिरते. सुई एखादा मिलीमीटर खाली राहिली तरी हा मेळ चुकतो. वाकलेली सुई डोळ्यांना सहज कळत नाही. तिची चपटी बाजू काचेवर टेकवून उजेडासमोर धरा, काच आणि दांड्यामधली फट टोकापर्यंत सारखी दिसायला हवी. टोक बोथट झाले की कापडात शिरताना टकटक आवाज येतो. सात-आठ तास शिवणकाम झाले की सुई बदललेली बरी. सुई मोडेपर्यंत वापरणे ही काटकसर नव्हे, तिचा मोडका तुकडा शटलला ओरखडा पाडतो आणि नंतर तिथेच दोरा तुटत राहतो. कापड मागून ओढले तरी सुई वाकून तिच्याखालच्या धातूच्या पट्टीवर आदळते. कापड पुढे नेणे पट्टीतून वर येणाऱ्या दात्यांचे काम आहे, हाताने फक्त दिशा द्यावी.

कापड जागच्या जागी अडत असेल तर सुई काढून पट्टीचे स्क्रू सोडवा. दात्यांमधल्या खोबणीत धूळ आणि तंतू दाबून दाबून अक्षरशः नमदा झालेला असतो. तो ब्रशने किंवा लाकडी काडीने उकरून काढा. तोंडाने फुंकू नका. ओल जाते आणि कचरा आत सरकतो.

बॉबिन केस सुटी निघत असेल तर ती दोऱ्याला लटकवून बघा. आपल्या वजनाने ती घसरता कामा नये, हलका झटका दिला की दोन-चार सेंटिमीटर उतरावी. सरसर उतरली तर आधी तिच्या पातीखाली कागदाची कड फिरवून तंतू काढा. तरीही सैल असेल तरच स्क्रू आवळा, तोही एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, आणि फिरवण्याआधी त्याच्या खाचेची दिशा टिपून ठेवा. बॉबिन भरल्यावर अंगठ्याला मऊ लागली तर ती पुन्हा भरा, कारण सैल भरलेल्या बॉबिनची ओढ टाक्यागणिक बदलते.

तेल फक्त शिवणयंत्राचे, प्रत्येक छिद्रात एक थेंब, शटलच्या कडीत एक. खाण्याचे किंवा डोक्याचे तेल काही महिन्यांत चिकट होऊन वाळते आणि मशीन जड चालू लागते. पुस्तिकेत तेल घालू नये असे लिहिले असेल तर ते ऐकावे. टेन्शनच्या चकत्यांना आणि पट्ट्याला तेल लागू देऊ नये. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवा, नाहीतर पहिला डाग नव्या कापडावर पडतो.

सुई नवी, दोरा नीट ओवलेला, शटल साफ, तरीही एकही टाका पडत नाही किंवा सुई शटलवर आदळते, असे झाले तर टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ, सरकले आहे. ते काम कारागिराचेच. त्याच्याकडे जाताना तोच दोरा, तीच सुई आणि बिघडलेली टीप असलेली चिंधी सोबत न्यावी. मशीन चालवून बघण्याआधीच त्याला अर्धे कळलेले असते.

आपला,
शिवणयंत्र दुरुस्तीची आवड असलेला एक वाचक